न पुसलेली फरशी

विहीणबाईंच्या मोतिया साडीच्या काठावर तिळाएवढं काहीतरी काळं बसलं होतं. विमलताईंनी चहाचा कप पुढं करता करता ते पाहिलं, त्यांनी पाहिलेलं विहीणबाईंनी पाहिलं, आणि तेवढ्यात ते काळं उडालं. सरकलं नाही, पडलं नाही, चक्क उडी मारून बिस्किटांच्या बशीत गेलं आणि तिथून कुठं गेलं ते कळलंच नाही. विहीणबाईंनी बोटाच्या टोकानं बशी जराशी लांब केली, चष्मा सारखा केला आणि हसून म्हणाल्या, "मुंगी असेल हो. गोडाला येतातच." अमरावतीच्या शाळेत जन्मभर मुख्याध्यापकी केलेल्या बाईला मुंगी उडत नाही हे माहीत नसेल, असं मानण्याइतक्या विमलताई भोळ्या नव्हत्या. तरी त्याही म्हणाल्या, "हाव, मुंगीच असन." विहीणबाई किंचाळल्या असत्या, साडी झटकत उभ्या राहिल्या असत्या, तर एकवेळ परवडलं असतं. त्यांनी सांभाळून घेतलं होतं. पस्तीस वर्षं विमलताईंनी या आर्णीच्या घरात कुणावर सांभाळून घ्यायची पाळी येऊ दिली नव्हती.

घर कसं, तर आरसा. फरशीवर भाकरी ठेवून खावी, असं गल्लीतल्या बायका म्हणत, आणि त्यात कौतुकाइतकीच चीडही असे. रोज पहाटे चूल पेटण्याआधी, म्हणजे आता गॅस पेटण्याआधी, विमलताई बादलीत फिनेल टाकून घर पुसायला बसत, मागच्या खोलीपासून पुढच्या उंबरठ्यापर्यंत, उकिडव्या, उलट्या सरकत. मग फरशी वाळेपर्यंत जगानं थांबायचं. पेपरवाला थांबायचा, त्यांचे यजमान किसनराव बाहेरच्या बाजेवर चहाची वाट पाहत थांबायचे, आणि लेक प्रेरणा लहान असताना शाळेतून धावत आली की दप्तरासकट उंबरठ्यावर थांबायची, कारण दुपारीही एक हात फिरवलेला असायचा. "थांब, ओली हाये," हे त्या घरातलं सगळ्यात जास्त उच्चारलेलं वाक्य असेल. आता तीच प्रेरणा सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणाचं दुमत असायचं कारण नव्हतं. विहीणबाई आल्या होत्या त्या फक्त तिला कधी पाठवायची तो दिवस ठरवायला. विमलताईंनी जुनी मऊ लुगडी धुऊन, फाडून दुपटी शिवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता, पूर्वेच्या खिडकीपाशी पलंग सरकवून ठेवला होता. आणि त्या दिवशी दिवस ठरला नाही. विहीणबाई चहा पिऊन, "कळवते" म्हणून गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कळवलं. फोनवर आवाज अगदी लोण्यासारखा. इथं दवाखाने हाकेच्या अंतरावर आहेत, प्रेरणाला एवढा प्रवास कशाला, इकडंच करू या, तुम्हीच या ना महिनाभर. पिसू हा शब्द त्यात कुठंही नव्हता. मग प्रेरणा फोनवर आली. "आई, मले तिकडंच याचं हाये व. पन मी काय म्हणू? त्या वाईट काई बोलल्याच नाही." विमलताईंनी फोन परत विहीणबाईंना द्यायला सांगितला आणि त्यांना म्हणाल्या, "होळी होऊ द्या, मंग ठरवू." कुठल्या बळावर म्हणाल्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

खरी गंमत अशी होती की खाज तर दोन महिने आधीपासून होती. पण ती कापसाची खाज आहे, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मागच्या खोलीत खिडकीच्या गजापर्यंत कापूस भरलेला होता. त्या वर्षी आर्णीत कुणाच्या घरात नव्हता? आदल्या वर्षी बोंडअळीनं खाल्लं, यंदा पिकलं तर भाव नाही. लोकांनी झोपायच्या खोल्या कापसाला दिल्या होत्या आणि स्वतः ओसरीवर झोपत होते. कापूस घरात जुना होऊ लागला की अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे घरोघर माणसं पोटऱ्या खाजवत सरकारला शिव्या देत बसलेली. किसनराव तर खाजवता खाजवता भावावर भाषण द्यायचे. घोट्याच्या वर ओळीनं उठलेले लाल ठिपके विमलताईंनी पाहिले होते, रोज पाहिले होते, आणि रोज त्या कापसाला बोल लावत होत्या. आता त्यांना वाटू लागलं की आपल्याला ते पहिल्या दिवसापासून कळलं होतं. घोट्याला कळलं होतं. मन नाही म्हणत होतं. कारण सरकी, म्हणजे त्यांची पांढरी मांजर, दिवाळीनंतर त्या कापसाच्या ढिगातच व्याली होती, आणि सरकीला इतकी मऊ बाळंतखोली मिळाली म्हणून विमलताईंनीच तिला तिथं राहू दिलं होतं.

घोट्यांना कळायचं कारण होतं. विमलताईंचं लहानपण मारेगावकडच्या एका खेड्यातलं, एका खोलीतलं, आणि त्या खोलीत संध्याकाळनंतर माणसांबरोबर शेळ्या. पिसवा तिथं घरच्याच होत्या. आई एका परातीत पाणी घ्यायची, मधोमध पणती ठेवायची आणि ती परात जमिनीवर ठेवून सगळ्यांना ओसरीवर बोलवायची. पणतीच्या ओढीनं पिसवा उड्या मारायच्या आणि पाण्यात पडायच्या. पाण्यात उजेड हलायचा. छोट्या विमीला तो दिवाळीसारखा वाटायचा, आणि आई परातीवर वाकून खदखदा हसायची, "आली, हे दुसरी आली, ये माय ये!" आईला त्याची लाज वाटत नव्हती. लाज विमी शाळेतून घेऊन आली. चौथीत असताना बाईंनी तिच्या पायांवरचे ठिपके पाहिले आणि तिला दाराजवळ, वेगळ्या पोत्यावर बसवलं. रागावल्या नाहीत. "इथं वारा चांगला येतो," म्हणाल्या. वर्ष संपेपर्यंत विमी त्या वाऱ्यात बसली. आणि आता विमलताईंना कळलं की बिस्किटांची बशी बोटाच्या टोकानं लांब झाली तेव्हा त्यांना तोच वारा लागला होता. पस्तीस वर्षं फिनेलच्या बादलीत हात घालून त्या फरशी पुसत नव्हत्या, ते पोतं पुसत होत्या. हा विचार इतका स्वच्छ आला की त्यांना त्याचा रागच आला.

रागाचा उपयोग झाला. त्यांनी किसनरावांना सांगितलं, "मानूस बोलवा. पिसवाईची दवा मारनारा."

किसनराव चमकले. "कापसाची खाज हाये ते. सगळ्याइच्या घरी हाये."

"कापूस उडत नाही," विमलताई म्हणाल्या.

मग किसनरावांनी दुसरी भीती काढली, आणि ती खरी होती. घरात फवारा नको, ते म्हणाले. फवारणी हा शब्द त्या वर्षांत जिल्ह्यात कुणी हलक्या आवाजात उच्चारत नसे. त्यांच्या वावरात काम करणारा भीमसिंग बोंडअळीची फवारणी करता करता धुऱ्यावरच, म्हणजे बांधावर, कोसळला होता. यवतमाळच्या दवाखान्यात त्याला आठ दिवस समोरचं माणूस दिसत नव्हतं. तो वाचला, सगळेच वाचले नाहीत. "अन तू त्या घरात लेकीचं बाळंतपण करशीन?" दुसऱ्या दिवशी विमलताई यवतमाळहून येणाऱ्या माणसाकडून औषधाचं नाव फोनवर विचारून, ते आर्णीतल्या डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगून आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मारताना कुणी घरात राहू नका, पूर्ण वाळू द्या, खिडक्या उघडा, महिनाभरानं मुलगी आली तर काही भीती नाही. "झालं समाधान?" विमलताईंनी विचारलं. किसनरावांचं अर्धं झालं होतं, कारण दुसरं अर्धं कापसात अडकलेलं होतं. माणसानं फोनवरच बजावलं होतं की कापूस खोलीत असेल तर तो गाडीवरून खाली उतरणारसुद्धा नाही.

कापूस निघाला तो दिवस विमलताईंना लढाई जिंकल्यासारखा आठवतो. ज्या भावाची वाट पाहत किसनराव संक्रांतीपासून खोलीच्या दारात उभे राहत, तो भाव आलाच नव्हता, आणि तरी त्यांनी गाडी बोलावली. ते पोत्यात कापूस दाबत होते, पाय देऊन देऊन दाबत होते. ढीग खाली खाली येत गेला आणि तळाशी सरकीची जागा लागली, वाटोळी, केसांनी काळवंडलेली, आणि ती जागा हलत होती. किसनराव पोतं टाकून मागं सरले. मग त्यांनी आपल्या पोटरीकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात फार क्वचित निघालेला उद्गार त्यांच्या तोंडून निघाला, "तुयं बरोबर हाये." पुढच्या आठवड्यात भाव आणखी उतरला आणि किसनराव चौकात आपल्या अंदाजाबद्दल बोलू लागले, हा भाग वेगळा.

मग तयारी. विमलताईंना वाटलं होतं आपलं घर नेहमीच तयार असतं. पण पलंगाखालून, कपाटांखालून, दिवाणाच्या पोटातून सगळं बाहेर काढायला लागल्यावर त्यांना दिसलं की आरशाच्या मागंही एक घर असतं. फाटक्या चटया, एकेकट्या चपला, प्रेरणाच्या शाळेची पेटी. जमिनीवर काही म्हणून ठेवायचं नव्हतं. गोधड्या, चादरी, सरकीचं पोतं उकळत्या पाण्यातून काढून अंगणात वाळत पडलं. पीठ, डाळी, भांडी झाकून कपाटात बंद झाली, देव टोपलीत बसून किसनरावांच्या भावाकडं मुक्कामाला गेले, आणि सरकी पिलांसह जनावरांच्या डॉक्टरकडं जाऊन मानेवर औषधाचे थेंब घेऊन आली. दोन दिवस ती विमलताईंकडं पाठ करून बसली. औषध मारणारा जीशान आला तो सांगितलेल्या वेळेच्या बराच नंतर, मोटरसायकलवर, पाठीला पंप. पोरगा बोलका होता, यवतमाळात मामाबरोबर धंदा करायचा, आणि मागचं ढेकणांचं घर यापेक्षा किती वाईट होतं ते सांगून त्यानं विमलताईंना धीर द्यायचा प्रयत्न केला. तोंडाला बांधून त्यानं कोपरे, फटी, पलंगाची खालची बाजू, सगळं फवारलं. दुपार कलेपर्यंत सगळे बाहेर. जाताना तो हेल्मेट हातात घेऊन थांबला. "आँटी, एक गोष्ट ध्यानात ठेवजा. पंधरा दिवस पोछा नाही मारायचा. सुका झाडू रोज मारा, कचरा लांब फेका. पन पानी नाही."

"पंधरा दिवस?"

"हाव ना. कोषात ज्या पिसवा हाये ना, त्याइले आज दवा लागत नाही. त्या मांगून निघन, दवाईवर पाय ठेवन, अन मरन. तुमी पोछा मारला का दवाई बादलीत."

"बोंडअळीसारखंच," किसनराव म्हणाले. आता त्यांना विषय कळू लागला होता आणि म्हणून आवडूही लागला होता. "कोषातली अळी मरत नाही फवाऱ्यानं."

"बस, तेच. अन दिसल्या तं घाबरू नोका. घरात चाला, फिरा, पाय आपटा. धमक लागली का त्या उठते. त्याइले वाटते कोनी गरम मानूस आलं, चला जेवाले."

विमलताईंनी मान डोलावली. मान डोलावणं आणि हात यांचा काही संबंध नसतो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. जाग आली, पाय जमिनीला लागले, तळव्याखाली बारीक खरखर झाली, आणि बादली भरलीसुद्धा. फक्त ओट्यापुढचं, त्यांनी स्वतःला सांगितलं. देव परत येणार आहेत, देवापुढचं तर पुसलंच पाहिजे. मग मधल्या खोलीत अर्धी ओली आणि अर्धी कोरडी फरशी दिसायला लागली, आणि ती रेघ त्यांना सहन होईना. त्या उकिडव्या, उलट्या सरकत उंबरठ्यापर्यंत आल्या आणि तिथं थांबून त्यांनी कपडा पिळला, तेव्हा बादलीतलं पाणी पाहून त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण घर कसं आरसा झालं होतं. किसनराव उठायच्या आत फरशी वाळली. त्या काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही पुसली, आणि तिसऱ्या.

आठवड्यानं पिसवा अशा उठल्या की जणू लग्नघर. किसनरावांनी फोनवर जीशानला जे काही सुनावलं ते चौकापर्यंत ऐकू गेलं, आणि जे गेलं नाही ते त्यांनी स्वतः चौकात नेऊन सांगितलं. हा यवतमाळचा पोरगा पाणी फवारून जातो, कुणी बोलवू नका. जीशान संध्याकाळीच आला, पंपासकट, पडलेल्या तोंडानं. त्यानं वाकून फरशीवर बोट फिरवलं, बोट नाकाजवळ नेलं आणि हळूच विचारलं, "आँटी, पोछा मारला का?" किसनरावांनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. सांगितलेलं मोडणारी बाई नाही ते, स्वतःचं पाप लोकाइच्या बायकांवर टाकतं का! विमलताईंना दिसलं की गप्प बसलं तर सगळं मिटतं. पोरगा फुकट औषध मारून देईल, घराचं नाव राहील, आणि आर्णीत त्याला परत कुणी दारात उभं करणार नाही. त्याला दाराजवळच्या पोत्यावर बसवायला आता त्यांचं नुसतं गप्प बसणंही पुरे होतं. वारा चांगला येतो तिथं. "मीच पुसली," त्या म्हणाल्या. "रोज पुसली." आवाज मोठा निघाला, स्वतःलाच दचकवणारा. किसनराव बाजेवर बसले आणि त्यांना हसू फुटलं, पोट धरून हसले, आणि त्याच पावली चौकात जाऊन त्यांनी जीशानच्या नावावरचा डाग धुऊन काढला; अर्थात बायकोला मध्ये घेऊन, तिखटमीठ लावून. गल्लीला कळलं. विमलताईंच्या घरात पिसवा आहेत हे आता गल्लीला कळलं, आणि आभाळ पडलं नाही. उलट शेजारच्या दोन घरांतून जीशानचा नंबर मागायला बायका आल्या. त्यांच्याही घरी कापसाचीच खाज होती.

दुसऱ्यांदा औषध पडलं त्या पहाटे विमलताईंनी बादली परसात उलटी ठेवली आणि तिच्यावर दगड ठेवला. दिवस जात होते आणि फरशी मळत होती. नुसतं म्हणायला सोपं आहे. दुधाचा थेंब सांडला, तो सुक्या कपड्यानं टिपला, त्याचा डाग राहिला, आणि तो डाग विमलताईंना पाठ करूनही दिसायचा. पावलांच्या वाटा उमटल्या. किसनराव घरात कुठून कुठं जातात याचा नकाशाच तयार झाला, आणि त्यात स्वयंपाकघरातल्या शेंगदाण्याच्या डब्याकडं जाणारी वाट सगळ्यात ठळक निघाली. तळव्यांना सतत काहीतरी लागायचं. पेटीत सापडलेले प्रेरणाचे शाळेचे पांढरे मोजे त्यांनी लुगड्याखाली, पोटऱ्यांपर्यंत ओढून घातले, आणि त्या घरभर पाय आपटत फिरू लागल्या, मागच्या खोलीतून पुढं, पुढून मागं. आधी चोरून, मग खुशाल. मोज्यावर काळा तीळ दिसला की चिमटीत धरायचा आणि साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकायचा. पाण्यावर वाकताना एकदा त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "आली, हे दुसरी आली," आणि त्या जागीच थांबल्या. आईचा आवाज आला होता, त्यांच्याच गळ्यातून. आईनं लाज पुसायला कधी बादली भरली नव्हती. ती हसत होती, कारण ती जिंकत होती, रोज थोडी थोडी. एवढ्या वर्षांत ही साधी गोष्ट आपल्याला का कळली नाही, याचं विमलताईंना नवल वाटलं, आणि आईची इतकी आठवण आली की त्या मळक्या फरशीवर तशाच बसल्या आणि रडल्या. बरं वाटलं.

तीळ कमी होत गेले. होळी पेटली, धुळवड झाली, आणि रंगाचे पाय घरात आले तरी विमलताई गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टाळ्या आणि गाणं उठलं. तांड्यावरच्या बंजारा बाया फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागायला आल्या होत्या, आरशांच्या काचोळ्या, पायात जड तोडे, आणि पुढं भीमसिंगची बायको सुखीबाई. दरवर्षी त्या अंगणात गोल धरून त्यांची होळीची लेंगी नाचायच्या, फगवा घ्यायच्या, पुढच्या दारी जायच्या. विमलताई हातात फगवा घेऊन उंबरठ्यावर आल्या, तोड्यांचा दणका पायाखाली जाणवला, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "सुखीबाई, आज अंगनात नोको. घरात नाचा."

सुखीबाई बघतच राहिली. या घराच्या फरशीवर पाऊल टाकायची तिला कधी वेळ आली नव्हती. भीमसिंगचा डबा ती खिडकीतून घ्यायची. "घरात? चपला काढून?"

"घालून या. दवा मारली हाये पिसवाईची. वाळली हाये, मी आठ दिवस चालून राह्यली, डाक्टरीनबाईले विचारलं हाये. पन चपला घालूनच या. अन जोरात नाचा, जेवढं जोर असन तेवढं. त्याइले उठवा."

दवा म्हटल्यावर सुखीबाईनं एकदा विमलताईंच्या डोळ्यांत नीट पाहिलं. तिला तो आठवडा आठवत असणार, दवाखान्यातला. विमलताईंनी नजर खाली घेतली नाही. लुगडं घोट्यावर उचलून मोजे दाखवले. सुखीबाई मोजे पाहून जी हसली ती हसतच आत शिरली, आणि मागून सगळ्या. ज्या मागच्या खोलीत कापूस होता तिथं त्यांनी गोल धरला. वाकून टाळी, उठून टाळी, पाऊल पुढं, पाऊल मागं, आणि तोड्यांचा असा ठेका की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. न पुसलेल्या फरशीवरची धूळ उठून खिडकीच्या उन्हात उभी राहिली. विमलताईंना कुणीतरी गोलात ओढलं. त्यांना पावलं येत नव्हती, पण आपटायला तर येत होतं, आणि पस्तीस वर्षं ज्या फरशीवर त्या नखसुद्धा जपून टेकवत आल्या तिच्यावर त्यांनी सगळं वजन देऊन पाय आपटला. पोत्यावर आपटला, बिस्किटांच्या बशीवर आपटला. "उठा!" त्या ओरडल्या. "जेवाले या!"

या अशा वेळी दारात विहीणबाई उभ्या होत्या. बोरी अरबला एका नात्यातल्या कार्यक्रमाला आले होते, जवळच म्हणून डोकावले, असं त्या म्हणत होत्या, पण गाण्यात कुणाला ऐकू येत नव्हतं. त्यांनी पाहिलं ते असं. घरात धुळीचा लोट, चपला घालून नाचणाऱ्या बाया, आणि मध्ये आपली विहीण, कपाळावर घाम, लुगडं खोचलेलं, पायांत शाळेचे काळे पडलेले पांढरे मोजे. गाणं थांबलं. किसनराव बाजेमागं गेले. विमलताईंचे पाय अजून गरम होते, नाचाचे होते. "या," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्या साडीवर मुंगी नव्हती. पिसू होती. घरात पिसवा झाल्या होत्या, मांजरीच्या. दवा मारली. पंधरा दिवस फरशी पुसाची नाही म्हून पुसली नाही, अन तुमी आज येता हे माहीत असतं तरी पुसली नसती."

विहीणबाईंनी चष्मा काढला, धुळीनं भरलेला पुसला, परत घातला. "पिसू होती हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मुंगी म्हणालात, तेव्हा मला वाटलं, ही बाई मान्यच करणार नाही, मग घालवणार कशी? त्याची भीती वाटली हो मला. पिसवेची नाही."

"मुंगी पह्यले तुमीच म्हणाल्या," विमलताई म्हणाल्या.

शाळेतल्या कुणी पोरानंही विहीणबाईंना असं पकडलं नसेल. मग त्या हसल्या, या वेळी दात दिसतील असं, आणि सुखीबाईनं संधी साधून त्यांचा हात धरला. नाही नाही म्हणत त्या गोलात गेल्या. मोतिया साडी, आज जरा निळसर होती, पण मोतियाच, तिच्या निऱ्या एका हातात धरून निवृत्त मुख्याध्यापिकेनं पाय आपटला, एकदा भीत, मग पुन्हा. गाणं परत उठलं, आधीपेक्षा वर. दमून सगळ्या जेव्हा थांबल्या तेव्हा विमलताईंनी भिंतीला टेकून मोजे निरखले, वरपासून खालपर्यंत. विहीणबाईंनीही वाकून आपला काठ पाहिला, चष्म्यातून, बारकाईनं, पेपर तपासावा तसा. काही नव्हतं. नुसती धूळ. "पुढच्या महिन्यात आणून सोडते तिला," त्या म्हणाल्या. "मी स्वतः."

ती आली तेव्हा ऊन तापलं होतं. पंधरवडा केव्हाच संपला होता, बादलीवरचा दगड निघाला होता, औषध पुसून, घर धुऊन, खिडक्या उघडून झालं होतं, आणि विमलताई पुन्हा पुसू लागल्या होत्या. पण रोज नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही. गाडी दारात थांबली. प्रेरणा जड पोट सांभाळत पायऱ्या चढली आणि उंबरठ्याशी येऊन सवयीनं उभी राहिली, एक हात कमरेवर, एक चौकटीला, लहानपणी दप्तर घेऊन उभी राहायची तशी. आत सरकी पिलांना चाटत बसली होती.

"आई, ओली हाये का?"

"नाही व माय," विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "ये. सरळ आत ये."